कोटेशनमधली बिननावाची ओळ : साठ हजारांच्या गेमिंग संगणकाचे परीक्षण

संगणकाच्या दुकानात जाऊन गेमिंगसाठी संच हवा असे सांगितले की दुकानदार एका कागदावर आठ-नऊ ओळींचे कोटेशन लिहून देतो. त्यात प्रोसेसरचे नाव पूर्ण असते, ग्राफिक कार्डाचे बहुधा असते, आणि त्यानंतर मात्र ‘१६ जीबी रॅम’, ‘१ टीबी एसएसडी’, ‘५५० वॉट एसएमपीएस’, ‘गेमिंग कॅबिनेट’ अशा ओळी येतात (रॅम म्हणजे कामापुरती तात्पुरती मेमरी, एसएसडी म्हणजे कायमची साठवण, एसएमपीएस म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारी पेटी). त्यांत ना कंपनी, ना मॉडेल, नुसता आकडा. नाशिकला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या माझ्या भाच्यासाठी मॉनिटर वगळून साठ हजारांच्या आत बसणारा संच २०२५ च्या मध्यावर जमवताना असे बरेच कागद माझ्या हाती आले, आणि माझे मत असे झाले की बेताच्या पैशांतल्या संचाचा निकाल या बिननावाच्या ओळींतच लागतो. नावानिशी लिहिलेल्या वस्तूचा भाव गिऱ्हाईक उभ्या उभ्या मोबाइलवर ताडून पाहते, त्यामुळे तिथे दुकानदाराला फार सुटत नाही. त्याचे सगळे गणित उरलेल्या ओळींत असते.

शेवटी घेतलेला संच असा : एएमडीचा रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स (छोट्या आकाराचा) बोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड, आरएक्स ६६०० हे ८ जीबीचे ग्राफिक कार्ड, डीडीआर४ ३२०० रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक, टीएलसी प्रकारची (चिपच्या एका पेशीत तीन बिट साठवणारी) १ टीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान) एसएसडी, ८० प्लस ब्राँझ या वीजबचतीच्या दर्जाचा ५५० वॉटचा एसएमपीएस आणि पुढून जाळी असलेले साधे कॅबिनेट. एकूण रकमेचा सुमारे एक तृतीयांश भाग एकट्या ग्राफिक कार्डावर गेला. त्याहून कमी ठेवला असता तर गेमिंग हा शब्द बिलापुरताच उरला असता.

निवड मात्र मी ग्राफिक कार्डापासूनही नव्हे, तर मॉनिटरपासून केली. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, तर २५६० बाय १४४० च्या पडद्यावर ३६.९ लाख, म्हणजे दुसरा पडदा घेतला की प्रत्येक चित्रासाठी कार्डाला पावणेदोन पटीहून थोडे अधिक ठिपके रंगवावे लागतात. साठ हजारांच्या संचाला हा बोजा नव्या गेममध्ये झेपत नाही. म्हणून २४ इंची, १०८०पी (म्हणजे १९२० बाय १०८०), आयपीएस पॅनलचा, १६५ हर्ट्झचा (सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर आधी ठरला आणि बाकीचे सगळे त्याच्या मागोमाग ठरत गेले. याच भावात व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलचे वक्र मॉनिटर मिळतात आणि दुकानात ते डोळ्यांत भरतात. पण त्यांतल्या स्वस्त मॉडेलांत काळोख्या दृश्यात हलणाऱ्या आकृतीमागे धुरकट रेघ ओढली जाते, आणि वेगवान नेमबाजीच्या गेममध्ये ती फार खुपते. मॉनिटर घरी आल्यावर विंडोज त्याला बहुतेक वेळा ६० हर्ट्झवरच चालवते, हेही ध्यानात ठेवावे. डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन १६५ हा आकडा स्वतः निवडावा लागतो, आणि कित्येक मॉनिटरांवर तो एचडीएमआयच्या नव्हे तर डिस्प्लेपोर्टच्या केबलवरच दिसतो. केवळ एवढे न केल्यामुळे जास्तीचे पैसे देऊन घेतलेला पडदा वर्षानुवर्षे साध्या पडद्यासारखा वापरणारे लोक मी पाहिले आहेत.

आता ग्राफिक कार्ड. एएमडीचे आरएक्स ६६०० हे कार्ड ऑक्टोबर २०२१ चे, म्हणजे काही नवे नव्हे. ८ जीबी मेमरी, मेमरीपर्यंतचा १२८ बिटचा मार्ग, १३२ वॉट वीज आणि एसएमपीएसकडून येणारी ८ पिनची एकच केबल एवढा त्याचा संसार आहे. बाजारात आले तेव्हा त्याचा भाव अवाच्या सवा होता. पुढे तो वीस हजारांच्या आसपास उतरला आणि तेव्हापासून १०८०पीसाठी त्याच्या तोडीचे नवे कार्ड त्या पैशांत सापडणे अवघड झाले. दुकानात मात्र त्याच भावात, किंवा हजार-दोन हजार कमी घेऊन, ‘३०५० घ्या, एनव्हीडियाचे आहे’ असा आग्रह होतो. इथे सावध राहायला हवे, कारण आरटीएक्स ३०५० या एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डे विकली जातात. जानेवारी २०२२ मधल्या मूळ कार्डात ८ जीबी मेमरी, २५६० कोअर (चित्राचा हिशेब करणारी एकके) आणि १२८ बिटचा मार्ग आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या कार्डात मेमरी ६ जीबी, कोअर २३०४ आणि मार्ग ९६ बिटचा. डब्यावरचे मोठे अक्षर तेच, आतला माल हलका; नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. तरी या धाकट्या कार्डाची एक बाजू मांडायला हवी. ते ७० वॉटवर चालते आणि त्याला वेगळी वीजकेबल लागत नाही, त्यामुळे जुन्या ऑफिस-संगणकात गेमची सोय करायची असेल तर ते उत्तम आहे. नव्या संचात त्याला जागा नाही.

आरएक्स ६५०० एक्सटी हे दुसरे आमिष. त्याच्या ४ जीबी मेमरीबद्दल वेगळे बोलायला नको, पण त्याहून लपलेली अडचण अशी की ते बोर्डाशी फक्त चार लेनवर (माहिती नेणाऱ्या वाटांवर) बोलते. पीसीआयई (कार्ड आणि बोर्ड यांना जोडणारा मार्ग) ४.० च्या बोर्डावर ते कसेबसे निभते, ३.० च्या जुन्या बोर्डावर बसवले की मेमरी भरल्याबरोबर त्याची गती कोसळते. म्हणजे ज्याच्याकडे जुना बोर्ड आहे आणि जो स्वस्त कार्ड शोधतो आहे, नेमक्या त्याच माणसाला ते सर्वांत कमी उपयोगाचे. आणि दहा हजारांच्या आत ‘आरएक्स ५८० ८ जीबी, नवे कोरे’ असे कोणी दाखवले तर डब्यावर २०४८एसपी ही अक्षरे शोधावीत. खऱ्या ५८० मध्ये २३०४ शेडर (कोअरसारखीच एकके) असतात. २०४८ असलेले कार्ड हे वस्तुतः ५७० च्या वळणाचे आहे. शिवाय त्या पिढीच्या कार्डांना नव्या गेमसाठी ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) सुधारणा देणे एएमडीने २०२३ च्या अखेरीस जवळपास थांबवले.

जुन्या बाजारातल्या कार्डांकडे मी पाहिले, पण घेतले नाही. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक कार्डांवर चालणारे त्याचे मायनिंग (गणिते सोडवून नवे चलन मिळवणे) एका दिवसात संपले. त्यानंतर तिथली कार्डे ढिगाने बाजारात आली. ती सगळीच वाईट असतात असे नाही, पण आज त्यांच्यातल्या बहुतेकांची वॉरंटी उलटली आहे, आणि विद्यार्थ्याच्या संचात सर्वांत महाग वस्तूच बिनवॉरंटीची असणे मला पटले नाही.

वरच्या बाजूला दोन पर्याय होते. आरटीएक्स ४०६० हे निःसंशय सरस कार्ड आहे. ते ११५ वॉटच घेते, रे ट्रेसिंगमध्ये (प्रकाशकिरणांचा हिशेब करून खऱ्यासारखा उजेड दाखवण्यात) पुढे आहे आणि डीएलएसएस या एनव्हीडियाच्या चित्र मोठे करण्याच्या तंत्रामुळे चित्र कमी कष्टात स्वच्छ राखते. परंतु तेव्हा ते आठ-दहा हजार जास्त मागत होते, आणि ते पैसे काढायचे तर एसएमपीएस आणि एसएसडी यांच्याच पोटावर पाय द्यावा लागतो. ज्याला ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचे सॉफ्टवेअर किंवा कुडा या एनव्हीडियाच्याच तंत्रावर चालणारे काही अभ्यासासाठी रोज लागणार आहे, त्याने मात्र माझे ऐकू नये. त्याने एनव्हीडियाचेच कार्ड घ्यावे, प्रसंगी ८ जीबीचे ३०५० सुद्धा. दुसरा पर्याय इंटेलच्या आर्क बी५८० चा. डिसेंबर २०२४ मध्ये आलेले हे कार्ड १२ जीबी मेमरी देते आणि कागदावर सगळ्यांना मागे टाकते. पण त्याला बोर्डात रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असावाच लागतो, आणि त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर इतका भार टाकतो की ५६०० सारख्या मध्यम प्रोसेसरबरोबर काही गेममध्ये त्याची आघाडी विरघळून जाते. स्वस्त कार्डाला महाग प्रोसेसर लागावा हा व्यवहार बजेटवाल्याला परवडणारा नाही.

आरएक्स ६६०० चे दोष झाकण्यात अर्थ नाही. रे ट्रेसिंग चालू केले की ते धापा टाकते. डूम : द डार्क एजेस हा मे २०२५ मधला गेम रे ट्रेसिंगच्या हार्डवेअरशिवाय चालतच नाही, आणि त्याच्या किमान गरजांच्या यादीत नेमके आरएक्स ६६०० चे नाव आहे; म्हणजे आज हे कार्ड उंबरठ्याच्या आत आहे, पण उंबरठ्यालगतच. ऑक्टोबर २०२५ मध्ये एएमडीने आरएक्स ५००० आणि ६००० या मालिकांचे ड्रायव्हर वेगळ्या शाखेत टाकले, तेव्हा बरीच ओरड झाली आणि नव्या गेमसाठी मदत चालू राहील असे कंपनीला स्पष्ट करावे लागले. खुलासा झाला हे चांगलेच, पण या कार्डाचे तारुण्य सरले आहे हे त्यातून कळायचे ते कळले.

प्रोसेसरच्या बाबतीत दुकानदार ‘सहा कोअर ते सहा कोअर’ असे म्हणून ५६०० च्या जागी ५५०० किंवा ५६००जी पुढे करतात. तिन्हींत सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत हे खरे, पण ५६०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी आहे आणि बाकी दोघांत १६. ५६०० पीसीआयई ४.० बोलतो आणि बाकी दोघे ३.० वरच थांबतात. गेमना कॅश फार मानवते, म्हणून हा फरक कागदी नाही. ५६००जी ची खरी जागा वेगळी आहे. त्याच्यात ग्राफिक्स अंगचेच असल्यामुळे ज्याला आज कार्ड घेणे शक्य नाही आणि सहा महिन्यांनी घ्यायचे आहे, त्याने तो घ्यावा आणि तोवर व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेमवर भागवावे. इंटेलचा आय५-१२४००एफ हा ५६०० च्या बरोबरीचा आहे आणि एच६१० बोर्डासह त्याचा हिशेब कधी कधी हजारभराने स्वस्तही पडतो. ज्याला तो कमी भावात मिळेल त्याने डोळे झाकून घ्यावा. आय३-१२१००एफ चार कोअरचा असूनही चपळ आहे, पण मागे ब्राउझर, डिस्कॉर्ड आणि रेकॉर्डिंग चालू ठेवून खेळण्याची आजच्या मुलांची रीत पाहता मी सहा कोअरच्या खाली उतरलो नाही.

एएम४ या सॉकेटवर (५६०० ज्या खाचेत बसतो तिच्यावर) पैसे घालणे म्हणजे संपत आलेल्या वाटेवर चालणे आहे, असा आक्षेप हमखास येतो आणि तो खोटा नाही. २०१६ पासून चालत आलेल्या या सॉकेटवर गेमसाठी सर्वोत्तम ठरलेला ५८००एक्स३डी आता बाजारातून उठला आहे. पुढे गेमसाठी बदल करायचाच झाला तर फार तर आठ कोअरच्या ५७००एक्ससारख्या प्रोसेसरपर्यंत मजल जाते. एएम५ या त्यानंतरच्या सॉकेटला अजून बरीच वर्षे आहेत, पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते आणि बोर्डही महाग पडतो. पुढच्या चार वर्षांत कदाचित बदलू अशा प्रोसेसरसाठी आज कार्ड एक पायरी खाली आणणे मला शहाणपणाचे वाटले नाही.

बोर्डाबद्दल थोडक्यात. ए५२० या स्वस्त चिपसेटवर पीसीआयई ४.० नाही, आरएक्स ६६०० ला त्याने फार थोडे नुकसान होते, त्यामुळे पैसे अगदीच ओढाताणीचे असतील तर ए५२० चालेल. बी४५० चा जुना साठा घेतला तर ५००० मालिकेचा प्रोसेसर ओळखण्यासाठी आधी बायोस (बोर्डातले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करावी लागते. ते दुकानातूनच करून घ्यावे, नाहीतर प्रोसेसर बसवूनही संच जागा होत नाही. बी५५० घेताना व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) उष्णता घालवणारा धातूचा हीटसिंक आहे एवढे पाहिले आणि वाय-फायचे जास्तीचे पैसे वाचवले.

बिननावाच्या ओळींतली पहिली रॅमची. १६ जीबीची एकच स्टिक देऊन ‘दुसरी नंतर लावा’ असे सांगणे ही सर्रास रीत आहे, आणि गिऱ्हाइकालाही ती सोयीची वाटते. पण एका स्टिकने मेमरीचा एकच चॅनल चालतो, आणि रायझनवर त्याचा फटका गेममध्ये उघड दिसतो; फ्रेमचा (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा) सरासरी आकडा घटतो तो घटतोच, वर मधूनमधून चित्र अडखळते. दोन स्टिक चार खाचांच्या बोर्डावर लावताना प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावाव्यात, शेजारी शेजारी नव्हे. त्यानंतर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण गतीने चालवणारी सेटिंग) चालू करावे. ते केले नाही तर ३२०० म्हणून घेतलेली रॅम मुकाट २४०० किंवा २६६६ वर चालत राहते, आणि टास्क मॅनेजर उघडून पाहीपर्यंत कोणाला पत्ताही लागत नाही. एक गोष्ट मात्र वाचकाने लक्षात घ्यावी. आम्ही संच घेतला तेव्हा १६ जीबी डीडीआर४ ही हिशेबातली किरकोळ रक्कम होती. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा सगळा माल ओढायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. आज साठ हजारांत हाच संच बसवायचा तर घरातल्या जुन्या संगणकातली डीडीआर४ रॅम चालते का ते आधी पाहावे. एएम४ ला वाट संपलेली म्हणणाऱ्यांना या एका कारणाने तरी आपले म्हणणे थोडे मागे घ्यावे लागेल.

एसएसडीच्या ओळीत ‘१ टीबी एनव्हीएमई’ एवढेच लिहिलेले असते. त्यातून काहीच कळत नाही. क्यूएलसी (एका पेशीत चार बिट साठवणाऱ्या) प्रकारच्या एसएसडीत मोठी फाइल उतरवताना सुरुवातीचे काही गिगाबाइट झपाट्याने जातात, आणि कॅश भरली की लिहिण्याची गती जुन्या हार्ड डिस्कच्या जवळ येऊन ठेपते. १ टीबीच्या टीएलसी एसएसडीला कंपन्या बहुधा ६०० टीबीडब्ल्यूची (एकूण ६०० टीबी लिहून होईपर्यंतची) हमी देतात; कित्येक क्यूएलसी मॉडेलांना त्याच्या निम्म्याहूनही कमी मिळते. काही स्वस्त मॉडेलांत तर आतली चिप केव्हाही बदलण्याची मुभा कंपनीने स्वतःकडेच राखलेली असते, त्यामुळे वर्षापूर्वीचे परीक्षण वाचून आज घेतलेली वस्तू तीच असेल याची खात्री नाही. आमच्या बाबतीत एका दुकानाने कोटेशनमध्ये आमच्या आग्रहावरून टीएलसी मॉडेल लिहिले, आणि माल देताना त्याच भावाचे क्यूएलसी मॉडेल पुढे सरकवून ‘सेमच आहे साहेब, स्पीड बघा’ असे सांगितले. डब्यावरची वाचनाची गती खरोखरच तीच होती. आम्ही डबा उघडला नाही आणि ती वस्तू दुसरीकडून घेतली. आकाराच्या बाबतीत ५०० जीबीवर थांबू नये, कारण रेड डेड रिडेम्प्शन २ हा एकटा गेमच १५० जीबी मागतो.

एसएमपीएसवर मला अधिक लिहायचे आहे, कारण सर्वांत जास्त फसवणूक तिथे होते आणि बिघडला तर सर्वांत जास्त नुकसानही तोच करतो. वॉटचा मोठा आकडा वाचू नये. पेटीच्या बाजूवरचा तक्ता वाचावा. प्रोसेसर आणि कार्ड यांना लागते ती १२ व्होल्टची वीज, म्हणून त्या रकान्यातला अँपिअरचा आकडा घेऊन त्याला १२ ने गुणावे. आमच्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर तिथे ४५ अँपिअर लिहिले आहेत, म्हणजे ५४० वॉट; पाटीवरच्या आकड्याशी ते जुळते. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळणाऱ्या ४५० वॉटच्या पेटीवर हाच गुणाकार करून पाहिला तर उत्तर बहुधा २५० च्या आसपास येते, आणि उरलेले वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत भरून दाखवलेले असतात. आजच्या संचाला त्यांचा जवळपास उपयोग नाही. दुसरे असे की ८० प्लसचे चिन्ह वीज किती वाया जात नाही एवढेच सांगते. व्होल्टेज उसळले तर तो एसएमपीएस स्वतःला आणि इतरांना वाचवेल की नाही, याची ग्वाही ते देत नाही. त्यासाठी डीसी-टू-डीसी रचना (१२ व्होल्टपासूनच बाकीची व्होल्टेज बनवणारी), ओव्हरकरंट आणि शॉर्ट सर्किटपासूनची संरक्षणे आणि वॉरंटीची वर्षे पाहावीत. पाच वर्षांची वॉरंटी देणारी कंपनी बहुधा आत बरा कपॅसिटर घालते. ग्राफिक कार्डासाठी ६+२ पिनची केबल मूळ एसएमपीएसमधूनच निघालेली असावी. मोलेक्सचे (जुन्या पद्धतीचे चार पिनांचे) दोन जोड एकत्र करून ८ पिन बनवणारी केबल कोणी देऊ केली, तर ती नम्रपणे परत करावी.

आमच्या कार्डाला १३२ वॉट आणि ६५ वॉट टीडीपीच्या (कंपनीने दिलेल्या उष्णतेच्या आकड्याच्या) प्रोसेसरला त्याहून थोडे अधिक लागतील असे धरले, तरी सगळा संच खेळताना अडीचशे वॉटच्या घरात राहतो. चांगला ४५० वॉटचा एसएमपीएसही पुरला असता. ५५० घेतला तो पुढच्या कार्डाचा विचार करून. ७५० ची काही गरज नव्हती. नाशिकला वीज जाते-येते, म्हणून यूपीएस आवश्यक ठरला. ६०० व्हीएचा सामान्य यूपीएस ३६० वॉटच पेलतो, आणि त्याची लहर शुद्ध साइन नसल्यामुळे अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज कार्यक्षमतेने ओढणारे सर्किट) असलेले काही एसएमपीएस वीज गेल्याच्या क्षणी त्याच्यावर टिकत नाहीत, संच फटकन बंद होतो. दुकानात जोडून, खेळ चालू असताना प्लग उपटून पाहणे हाच त्यावरचा उपाय. दुकानदार नाक मुरडतो, पण करू देतो.

कॅबिनेटवर लिहिण्यासारखे फार नाही. पुढून काच आणि आत चार रंगीत पंखे असलेल्या कॅबिनेटांत चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असा प्रकार आहे. काचेमुळे हवा आत येत नाही आणि ते पंखे मोलेक्सवर जोडलेले असल्याने कायम एकाच वेगाने घोंगावतात. जाळी, धूळ अडवणारी काढता येणारी गाळणी, पुढून दोन पंखे आत आणि मागून एक बाहेर, एवढे असले की झाले. प्रोसेसरबरोबर येणारा रेथ स्टेल्थ कूलर पुरतो. ऑक्टोबर हीटमध्ये त्याचा आवाज दाराबाहेर ऐकू येत होता हे खरे, पण गती कमी झालेली दिसली नाही. दीड-दोन हजारांचा टॉवर कूलर ही पहिली सुधारणा म्हणून पुढे करता येईल.

खरेदी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे ग्रँट रोड स्थानकाजवळच्या डॉ. भडकमकर मार्गावर, आणि थोडी ऑनलाइन झाली. तिथे भाव करता येतो आणि वस्तू हातात घेऊन पाहता येते, हा मोठा फायदा. पण ‘बिल पाहिजे का?’ हा प्रश्न अजूनही विचारला जातो. १८ टक्के जीएसटी वाचवण्याचा मोह मोठा असला, तरी प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर लिहिलेले पक्के बिलच घ्यावे, कारण कार्ड दोन वर्षांनी बिघडले तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपुढे तेवढाच कागद उभा राहतो. ट्रे प्रोसेसर (डब्याशिवाय सुटा मिळणारा) हजारभराने स्वस्त मिळतो. त्यात कूलर नसतो आणि डब्यातल्या प्रोसेसरवर एएमडी देते ती तीन वर्षांची वॉरंटीही नसते. नाशिक, कोल्हापूर, अकोला अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी : त्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर आपल्या गावात आहे की वस्तू कुरिअरने पाठवावी लागेल, आणि तो खर्च कोणाचा. याच कारणावरून आम्ही दोन सारख्या कार्डांतले पाचशे रुपयांनी महाग असलेले निवडले.

जुळणी भाच्याने घरी केली, मी शेजारी बसून होतो. बोर्ड बसवण्याआधी मागची पत्र्याची पट्टी लावणे, पंख्याची पिन सीपीयू फॅन असे लिहिलेल्या जागीच घालणे, अशी कामे त्याने नीट केली आणि बटण दाबल्यावर पंखे फिरले. ‘मामा, लाइट लागली, पण स्क्रीन काळीच आहे.’ त्याने मॉनिटरची केबल बोर्डाच्या मागच्या एचडीएमआय पोर्टमध्ये खोचली होती. ५६०० मध्ये अंगचे ग्राफिक्स नसल्यामुळे ते पोर्ट निर्जीव असते. केबल खाली कार्डात लावली आणि चित्र आले. ‘नवा संच बंद पडला’ म्हणून दुकानात परत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे दुखणे एवढेच असते, असे एका दुकानदाराने मला सांगितले होते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे विंडोज ११ च घालावे. त्यासाठी, आणि त्यावर व्हॅलोरंट चालण्यासाठीही, बायोसमध्ये एफटीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू असाव्या लागतात.

वापरात संच कसा आहे? व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ मॉनिटरच्या १६५ हर्ट्झला सहज पुरून उरतात. रेड डेड रिडेम्प्शन २ आणि सायबरपंक २०७७ उच्च सेटिंगवर, रे ट्रेसिंग बंद ठेवून, साठ फ्रेमच्या वर राहतात. सायबरपंकमध्ये गर्दीच्या चौकात आकडा खाली घसरतो, तिथे एफएसआर (डीएलएसएससारखेच एएमडीचे तंत्र) क्वालिटीवर ठेवले की सावरतो, मात्र दूरच्या तारा आणि जाळ्या किंचित थरथरताना दिसतात. सर्वांत नव्या गेममध्ये टेक्श्चरचा दर्जा ‘अल्ट्रा’वरून एक पायरी खाली आणावा लागतो, कारण ८ जीबी मेमरी तिथे भरते. स्ट्रीमिंग करणाऱ्यांनी जाणून घ्यावे की या कार्डाचे व्हिडिओ एन्कोडिंग एनव्हीडियाच्या तुलनेत कमी बिटरेटवर डोळ्यांना खरखरीत दिसते.

म्हणून ज्याला १४४०पीचा मॉनिटर आधीच घरात आहे, ज्याचे आवडते गेम रे ट्रेसिंगवर उभे आहेत, किंवा ज्याला खेळण्याइतकेच स्ट्रीमिंगही महत्त्वाचे आहे, त्याने हा संच घेऊ नये. त्याने थोडे थांबून, आणखी पैसे साठवून आरटीएक्स ४०६० च्या किंवा त्याहून नव्या पिढीच्या कार्डापाशी सुरुवात करावी. बाकीच्यांनी यातले कार्ड आणि एसएमपीएस तसेच ठेवून प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम त्या दिवशीच्या भावाप्रमाणे खुशाल बदलावेत, मात्र पैसे देण्यापूर्वी दुकानदाराकडून कोटेशनच्या प्रत्येक ओळीत कंपनी आणि मॉडेल लिहून घ्यावे.